मुलगा असता तर

‘तुम्ही तिघी मुलीच. एखादा मुलगा असता तर अण्णांचं गुऱ्हाळ चालू राहिलं असतं, नाही का?’

मामेसासऱ्यांपासून शाळेतल्या बाईंपर्यंत सगळे हे विचारतात. अण्णा गेल्यापासून जास्तच. विचारणाऱ्याला उत्तर नको असतं, डोलावलेली मान हवी असते. आजवर डोलावली. पण तुम्ही विचारलंतच, तर एकदा नीट सांगते.

कोल्हापूरकडच्या भोगावती नदीच्या काठानं आमच्या शिवारातून जाताना पूर्वी पाच-सहा गुऱ्हाळांचा धूर दिसायचा. त्यातल्या एका मालकाला चार मुलगे. त्यांचं गुऱ्हाळ आमच्या आधी बंद पडलं. त्यांना कुणी विचारत नाही की चार-चार मुलगे असून असं कसं झालं.

हिशोबाची वही आठवीपासून मी लिहायचे, त्यामुळे हे ऐकीव नाही. टनभर उसाचा गूळ उतरणार शंभर, फार तर सव्वाशे किलो. त्यातून तोड, वाहतूक, गूळ शिजवणारा गुळव्या, चुलवाणावरची माणसं, अडत, तोलाई, हमाली. गुळव्याची टोळी हंगामाआधी उचल घेणार आणि दुसऱ्यानं जास्त दिली की ऐन थंडीत तिकडे जाणार. समोर कारखाना. २००९-१० साली उसाची एफआरपी, म्हणजे कारखान्यानं द्यायचाच असा किमान दर, क्विंटलला १२९ रुपये ८४ पैसे होती, ती २०१३-१४ ला २१० झाली. आमच्याकडे साखरेचा उताराही चांगला, म्हणजे हातात त्याहून जास्त. शेतकऱ्यानं ऊस आम्हाला का द्यावा? अण्णांनी आपल्या रानात गुळासाठी मुद्दाम ९२००५ जातीचा ऊस लावला होता. तोही शेवटी शेवटी कारखान्यालाच गेला. २०१४ साली कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळालं, पेपरात मोठी बातमी आली, आणि पुढच्याच हंगामात आमची रस कढवायची काहिल कायमची उतरली. यात मुलगा काय करणार होता?

हे झालं वहीतलं. वहीत नसलेलं एक आहे, ते मी फारसं कुणाला सांगितलेलं नाही. कारण लोक अण्णांबद्दल बोलताना हटकून म्हणतात, ‘माळकरी माणूस, कधी भेसळ केली नाही.’ साखर त्यांनी कधीच मिसळली नाही, हे खरं. पण हायड्रॉस, म्हणजे रंग उजळणारी पावडर, टाकायचे. सगळेच टाकायचे. त्याशिवाय गुळाला तसा पिवळाधमक रंग येत नाही आणि त्या रंगाशिवाय गुजरातचा व्यापारी रव्याकडे, म्हणजे गुळाच्या ढेपेकडे, बघत नाही. त्या पावडरीमुळे गुळात राहणारा सल्फर डायऑक्साइड ७० पीपीएमच्या वर नको, असा नियम आहे. अण्णांना पीपीएम ठाऊक नव्हतं, मूठ ठाऊक होती.

मी कॉलेजात असताना एका वर्षी त्यांच्या मनात आलं, की काही आधणं, म्हणजे काहिलीतल्या रसाच्या काही खेपा, पावडरीशिवाय काढायची. मळी वर आणायला नुसती भेंडी आणि चुन्याची निवळी. गुळव्या कुरकुरला. अण्णा स्वतः काहिलीपाशी उभे राहून मळी काढत होते. वाफ्यात ओतला तेव्हा गूळ तांबूस-तपकिरी दिसला, पण चव अशी, की आई म्हणाली, हा माझ्या सासूच्या वेळचा.

सौद्याला मी त्यांच्यासोबत गेले. शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरी पेठ वसवली ती आपल्या गुळासाठी, हे वाटेत नेहमीप्रमाणे सांगून झालं. मार्केट यार्डात रव्यांच्या रांगा लागलेल्या, सगळीकडे पिवळंधमक. आमची रांग लांबूनच वेगळी दिसत होती. व्यापाऱ्यांचा घोळका सरकत आला. एकानं रवा फोडायचेही कष्ट घेतले नाहीत. अण्णा म्हणाले, ‘खाऊन तरी बघा.’ तो अडत्याकडे बघून हसला आणि म्हणाला, ‘ह्यो माल भट्टीवाल्यास्नी द्या, अण्णा. चांगला दर देतील.’

काळा गूळ दारूच्या कुठल्या भट्टीला जातो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. गळ्यात तुळशीची माळ घातलेल्या माणसाला हे भर सौद्यात, मुलीसमोर. घोळका हसत पुढच्या रांगेकडे गेला. अडत्या अण्णांना बाजूला घेऊन म्हणाला, निम्म्या दरानं काढून टाकू, भाडं तरी सुटेल. अण्णांनी मान हलवली. टेम्पो परत बोलावला आणि हमालांबरोबर स्वतः रवे चढवायला लागले. तीस-तीस किलोचे रवे. मी ‘राहू दे, मी करते’ म्हटलं, तर ओरडले, ‘गप उभी ऱ्हा.’ आयुष्यात माझ्यावर ओरडल्याचं तेवढंच आठवतं.

तो गूळ आम्ही खाल्ला, बैलांनी खाल्ला, पाहुण्यांच्या पिशव्यांत गेला. दुसऱ्या दिवशीच्या आधणाला अण्णांनी गुळव्याच्या हातून डबा घेतला आणि स्वतः मूठ भरून टाकली. ‘दिसाय पायजे त्यास्नी. चव कोण बघतंय.’

आता पुण्याची मंडळी केमिकल-फ्री गूळ दुप्पट दरानं घेतात आणि मला म्हणतात, अण्णांनी थोडी कळ काढायला हवी होती. कुणाच्या जिवावर? थोरलीचं लग्न, माझं हॉस्टेल, धाकटीचं डी. फार्मसी. माझ्या वहीत डाव्या पानावर उसाची वजनं आणि उजव्या पानावर आमच्या फिया असायच्या. अण्णा आधी उजवं पान सांगायचे, मग डावं.

माझं उत्तर इथंच संपायला हवं. पण त्याच हंगामात मी त्यांना म्हटलं होतं, ‘अण्णा, शिक्षण झालं की गुऱ्हाळ मी चालवते.’ ते म्हणाले, ‘तू? गुळव्या तुझं ऐकंल व्हय?’ विशीतल्या मला ते वाक्य फार लागलं. पुढं कित्येक वर्षं मी ते मनात धरून होते, की बघा, यांनाही मुलगाच हवा होता. आज त्या मुलीला सांगावंसं वाटतं, अगं, गुळव्या त्यांचं तरी कुठं ऐकत होता? पण ती हुज्जत घालते. मग बंद करायच्या आधी त्यांनी चुलतभावाला का विचारलं? कारण त्यांनी विचारलं होतं. गुऱ्हाळ जसंच्या तसं देतो, भांडवल नको, चालव. त्याची शिरोली एमआयडीसीतली नोकरी पक्की झाली होती. तो नको म्हणाला. आम्हा तिघींतल्या एकीलाही विचारलं नाही.

आई म्हणते, तुझी शाळेतली नोकरी सुटू नये म्हणून नाही विचारलं. थोरलीला ते पटत नाही. ती म्हणते, पोरींना विचारायचं असतं हे त्यांच्या डोक्यातच आलं नसेल, त्या पिढीचं तसंच. दिवाळीत एकत्र आलो की यावरून आमचं वाजतं. धाकटी म्हणते, तुम्ही दोघी खुळ्या आहात, अण्णांना कुणाचा होकार नकोच होता, म्हणून तर जो नाही म्हणणार हे ठाऊक होतं त्यालाच विचारलं.

मला हे पटत नाही. अण्णांनी त्याला विचारलं तेव्हा मी तिथं होते. दोनदा विचारलं त्यांनी.