काका सापडले नाहीत, पण कोर्टात जावं लागलं

2016च्या शिमग्याआधी आमचे धाकटे काका तळकोकणातल्या तालुक्याच्या गावातून बाजाराला म्हणून निघाले, ते परतलेच नाहीत. तिथल्या ठाण्यात काकीला 'चोवीस तास थांबा' म्हणून परत पाठवलं. असा नियम कायद्यात कुठेच नाही. हरवल्याची नोंद लगेच करायला लावा आणि मिसिंग नंबर लिहून घ्या. पुढे प्रत्येक टेबलावर तोच विचारतात.

मी परळला राहतो, म्हणून मुंबईतला शोध माझ्याकडे आला. कोकणातून गाडीत बसलेला माणूस दिवा, ठाणे, दादर, कुठेही उतरू शकतो. लोहमार्ग पोलीस शहर पोलिसांपासून वेगळे, त्यांच्याकडे स्वतंत्र चौकशी करावी लागते. मग केईएम, सायन, जेजेची शवागारं. बेवारस मृतदेहांचे फोटो बघताना चेहऱ्यावरून ओळख पटेलच असं नाही. मी तिथूनच काकीला फोन लावायचो: व्रण कुठल्या पायावर? दात कुठला पडलेला? सदरा कुठल्या शिंप्याचा? हे घरच्यांनी पहिल्याच दिवशी लिहून द्यावं, अगदी कळकळीनं सांगतो. आमच्या तक्रारीत 'रंग सावळा, बांधा मध्यम' एवढंच होतं. त्यावरून कोण कुणाला ओळखणार?

वर्षं गेली. सातबारा काकांच्या नावावर, आणि वारस नोंदीसाठी तलाठी मृत्यूचा दाखला मागणार. ज्यांना खबर लागायला हवी त्यांनाच सात वर्षं काही कळलं नाही, तर कोर्ट माणूस मृत धरू शकतं. पूर्वी हे पुरावा कायद्याच्या कलम 108 मध्ये होतं, 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 111 मध्ये आहे. पण सात वर्षं भरली म्हणून दाखला हातात पडत नाही. आम्हाला दिवाणी दावा लावावा लागला. पेपरात जाहीर नोटीस, शोध लागला नसल्याचं पोलिसांचं पत्र, शेजाऱ्यांच्या साक्षी, सगळं जमवलं.

सगळ्यात अवघड होती काकीची सही. दाव्यात 'मयत' शब्द बघून तिनं पेन खाली ठेवलं. "ते गेले असं मी कशी लिहून देऊ?" मी म्हटलं, काकी, हे जमिनीपुरतं आहे, शोध आपण सोडत नाही. खूप वेळानं तिनं सही केली.

निकालावरून मृत्यूची नोंद झाली, मग वारस नोंदही झाली. हरवल्याची तक्रार मात्र आम्ही मागे घेतलेली नाही. ठाण्यात नवीन साहेब आले की काकी फोटो घेऊन त्यांना भेटून येते.