बर्फातले पाच दिवस आणि दादाचं हृदय

दादाच्या अँजिओप्लास्टीला तीन वर्षं झाली. बर्फात जायची त्याची इच्छा त्याआधीपासूनची. डॉक्टरांनी तपासण्या करून हो म्हटलं, तेव्हा आम्ही चौघं निघालो. मी बीपीचं मशीन बरोबर घेतलं होतं.

पहिल्या सकाळी बाहेर उणे १२ अंश होतं. दादा अंथरुणातून उठला, अंगात एक स्वेटर घातला, दार उघडलं आणि पायऱ्यांवरचा बर्फ फावड्यानं काढायला लागला. पाच मिनिटांत परत आला. "छातीत जड वाटतंय गं." त्याला बसवलं, ब्लँकेट गुंडाळलं, डॉक्टरांनी दिलेली गोळी जिभेखाली ठेवली. दोन-तीन मिनिटांत दडपण गेलं. बीपी १६८/९६ होतं, एरवी त्याचं १२८/८० च्या आसपास असतं. डॉक्टरांना फोन केला, त्यांच्या सांगण्यावरून लगेच ईसीजी काढून घेतला. तो ठीक निघाला. (दडपण पाच मिनिटांत कमी झालं नाही, तर फोनाफोनीत वेळ घालवू नका, थेट रुग्णवाहिका बोलवा.)

हे कसं झालं ते नीट समजून घ्यायला हवं, कारण दादाचं अंग तेव्हा गार पडलेलंच नव्हतं. ३५ अंशांखाली शरीराचं तापमान जाणं ही वेगळी आणीबाणी, तिथे हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा धोका असतो. इथे नुसती गार हवा चेहऱ्याला आणि हातांना लागली होती. तेवढ्यानं नॉरॲड्रिनलिन हे ताणाला प्रतिसाद देणारं संप्रेरक वाढतं, कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो आणि हृदयाला जास्त जोर लावावा लागतो. त्यात फावडं मारताना सगळी मेहनत हातांची, शिवाय माणूस नकळत श्वास रोखतो. हृदयाला प्राणवायू जास्त लागतो, आणि आधीच अरुंद झालेली धमनी तेवढा पुरवू शकत नाही.

दुसरा दिवस पूर्ण विश्रांती. तिसऱ्या दिवसापासून आम्ही बाहेर पडायची पद्धतच बदलली. सगळे थर, कानटोपी आणि हातमोजे आतच घालायचे. नाका-तोंडावर मफलर घ्यायचा, म्हणजे श्वासाबरोबर जाणारी हवा थोडी कोमट होते. मग खोलीतल्या खोलीत दहा मिनिटं चालायचं आणि नंतरच दार उघडायचं. बाहेर बोलता येईल इतक्याच वेगानं चालायचं. थंडीत लघवी जास्त होते, शरीरातलं पाणी घटतं आणि रक्त दाट होतं, म्हणून तहान नसली तरी पाणी प्यायचं. मद्य टाळा. त्यानं ऊब वाटते, पण कातडीतल्या रक्तवाहिन्या उघडून शरीरातली उष्णता बाहेर जाते. बीपीच्या गोळ्यांची वेळ सहलीतही चुकवू नका.

आमच्यातल्या एकानं अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या आणल्या होत्या, "थंडीत हृदयाला कवच" म्हणून. मला हे मनापासून खटकलं. विचार अगदीच निराधार नाही: थंडीत ऊब निर्माण करायला पेशी जास्त इंधन जाळतात, त्यात घातक मुक्त कण वाढतात. त्यांना आवरणारे पदार्थ म्हणजे अँटिऑक्सिडंट. शरीरात स्वतःचं ग्लुटाथायोन असतं, सुपरऑक्साइड डिस्म्यूटेज आणि कॅटालेजसारखी विकरं असतात. जर्मन संशोधकांनी १९९० च्या दशकात हिवाळ्यात थंड पाण्यात नियमित पोहणाऱ्यांचं रक्त तपासलं. पाण्यात उतरल्यावर त्यांच्या रक्तातलं यूरिक ॲसिड कमी झालं, म्हणजे तेही या कामी येत असावं. आणि इतर निरोगी माणसांपेक्षा या पोहणाऱ्यांच्या तांबड्या पेशींत ग्लुटाथायोन एरवीही जास्त होतं. पण ही शरीरानं सरावातून कमावलेली तयारी असते. पाच दिवसांत ती येत नाही, आणि हृदयविकार असलेल्यानं त्यासाठी गार पाण्यात उडी मारायची तर मुळीच नाही. गोळ्यांबद्दल सांगायचं तर २००० साली होप नावाच्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. साडेनऊ हजार लोकांपैकी निम्म्यांना सरासरी साडेचार वर्षं व्हिटॅमिन ई हे अँटिऑक्सिडंट दिलं होतं. हृदयविकाराचे झटके कमी झाले नाहीत. दादाच्या डब्यात मी त्या गोळ्या ठेवू दिल्या नाहीत.

पाचव्या दिवशी तो गोठलेल्या तळ्यापर्यंत सावकाश चालत गेला, वाटेत दोनदा थांबून. छातीत काही झालं नाही. तिथे बोटाला रक्तातला प्राणवायू मोजणारा ऑक्सिमीटर लावला तर ८१ दाखवलं आणि माझ्या पोटात गोळा आला. बोटं बर्फासारखी गार होती. हात कोटात धरून गरम केला, पुन्हा लावला, ९५. गार बोटावर हे यंत्र चुकतं, आकडा बघण्याआधी हात गरम करून घ्या.