शेपटीला पांढरं टोक असलेला शिपाई बुलबुल: तिसरी नोंद

गुहागरच्या आमच्या आगरातल्या एका बुलबुलाबद्दल आधी दोन नोंदी लिहिल्या होत्या. तुरा शिपायाचा, गालावर लाल ठिपका, पण उडाला की शेपटीची टोकं पांढरी. आपल्या बाजूच्या शिपायाला तसं टोक नसतं. ते असतं लालबुड्या बुलबुलाला. म्हणून हा या दोन जातींचा संकर असावा अशी शंका मी जानेवारीत घेतली होती. ती अगदीच हवेतली नव्हती. पिंजऱ्यात या दोघांचा संकर झालेला आहे, आणि पूर्व म्यानमारमध्ये लालबुड्या रानातही दुसऱ्या एका जवळच्या बुलबुलाशी जोडी जमवतो.

फेब्रुवारीभर एकाच गोष्टीच्या मागे होतो: शेपटीच्या मुळाशी पाठीचा रंग. लालबुड्याची ती जागा पांढरीशुभ्र असते, पण फांदीवर बसलेल्या पक्ष्याचे पंख ती झाकतात.

14 मार्च, सकाळी साडेआठ. माडाच्या आळ्यात शिंपण्याचं पाणी साचलं होतं. पक्षी त्यात उतरला, पंख सैल सोडले आणि आडवा होऊन अंग घुसळू लागला. दुर्बिणीतून पाठ मुळापर्यंत दिसली. सगळी तपकिरी. मग काठावर बसून पिसं साफ करताना छातीही नीट पाहिली. लालबुड्यासारखी खवल्यांची नक्षी कुठेच नाही, स्वच्छ पांढरी. छातीवरचा काळपट पट्टा मात्र मधे चांगलाच तुटलेला. आपल्या शिपायांचा जवळजवळ जुळतो.

तेव्हा संकर हा शब्द मी मागे घेतो. पांढऱ्या टोकाचे शिपाई उत्तर आणि पूर्व भारतात असतात. हा तिकडचाच, पिंजऱ्यातून सुटलेला असावा. 1972 च्या कायद्याने रानपक्षी पकडायला बंदी आहे, तरी शिपायाच्या गोड आवाजापायी हे चालतं, याचं फार वाईट वाटतं.

पण गोष्ट इथे थांबली नाही. मार्चअखेर त्याने इथल्याच शिपायाशी जोडी केली. घरटं जास्वंदीच्या कुंपणात, कमरेएवढ्या उंचीवर. मी दहा पावलांच्या आत गेलो नाही. तुम्हीही कुठे असं घरटं दिसलं तर जाऊ नका, आपल्या मागोमाग येऊन कावळे घरटं हेरतात.

पिल्लं बाहेर पडली ती दोन. गालावर लाल ठिपका नाही, बुड फिकट नारिंगी. शिपायाची पिल्लं अशीच असतात. दरवर्षी मे महिन्यात कोणीतरी त्यांनाच संकर म्हणून फोटो टाकतं.

2 मेपर्यंत शेपट्या वाढल्या. एकाची पूर्ण तपकिरी. दुसऱ्याच्या कडेच्या पिसांच्या टोकांना मळकट पांढरा डाग आहे, आईबापांच्या बरोबर मधला.