डार्वेन एफसीची वही: 1898-99 चं पान भरलं

मंडळी, सर्वांत जड पान एकदाचं भरून झालं. नव्याने येणाऱ्यांसाठी थोडक्यात: डार्वेन म्हणजे इंग्लंडच्या लँकशायरमधलं, ब्लॅकबर्नला खेटून असलेलं गिरण्यांचं गाव. तिथला फुटबॉल क्लब 1870 चा, 2009 मध्ये बंद पडला. त्याच्या निकालांची नोंद मी या वहीत करतो. आज तिथे एएफसी डार्वेन खेळतो, पण माझी वही जुन्या क्लबापुरतीच आहे.

सेकंड डिव्हिजन, म्हणजे इंग्लिश फुटबॉल लीगची दुसरी श्रेणी; 34 सामने. 2 जिंकले, 5 बरोबरीत, 27 हरले. केलेले गोल 22, खाल्लेले 141. नाताळच्या आदल्या दिवशी न्यूटन हीथकडून 9-0. मग मँचेस्टर सिटी, वॉल्सॉल आणि लफबरो, तिघांकडूनही 10-0. सिटी त्या वर्षीचे विजेते, त्यांचं समजू शकतो. पण लफबरो तर तळातून दुसरा होता! सलग 18 पराभवांचा रकाना भरताना हात जड झाला. त्यानंतर क्लब लीगमधून बाहेर पडला आणि बार्ली बँक हे जुनं मैदान सोडून अँकर ग्राउंडवर गेला.

डार्वेनचं नाव निघालं की हाच रकाना पुढे केला जातो, नाहीतर 1892 मधला वेस्ट ब्रॉमविचकडून झालेला 12-0 पराभव. मला ते पटत नाही. या क्लबाची ओळख 1879 च्या एफए कपवरून, म्हणजे इंग्लंडमधल्या बाद पद्धतीच्या स्पर्धेवरून व्हायला हवी.

13 फेब्रुवारी, लंडनचं ओव्हल मैदान, उपांत्यपूर्व फेरी. समोर ओल्ड इटोनियन्स, म्हणजे ईटन शाळेचे माजी विद्यार्थी. शेवटची पंधराएक मिनिटं उरली असताना 5-1 असे मागे. तिथून डार्वेनने चार गोल केले: 5-5. जादा वेळ खेळायला इटोनियन्सनी नकार दिला. फेरसामनाही लंडनलाच, त्यामुळे गावात वर्गणी काढून संघ पुन्हा पाठवला. 8 मार्चला 2-2. आठवड्याने तिसऱ्यांदा लंडन, आणि तिथे 6-2 ने हार. त्या वर्षीचा कप इटोनियन्सनीच उचलला.

त्या संघात स्कॉटलंडहून आलेले फर्गस सूटर आणि जेम्स लव्ह होते. पैसे घेऊन खेळणाऱ्या पहिल्या खेळाडूंत दोघांची गणना होते. व्यावसायिक खेळाला अधिकृत मान्यता मिळाली 1885 मध्ये. सूटर 1880 मध्ये ब्लॅकबर्न रोव्हर्सला गेला आणि तिथे तीन वेळा कप जिंकला. 1881 मध्ये डार्वेनने रॉमफर्डला 15-0 हरवून उपांत्य फेरी गाठली खरी, तरी माझ्या मते घसरणीचं मूळ सूटरच्या जाण्यातच आहे. शेजारी बडा क्लब असला की छोट्या गावात चांगला खेळाडू टिकत नाही.

1931 च्या पानावर समासात एक नोंद केली आहे. सप्टेंबरमध्ये गांधीजी डार्वेनजवळच्या स्प्रिंगव्हेलला मुक्कामाला होते. आपल्याकडच्या बहिष्काराची झळ बसलेले गिरणी कामगार त्यांना भेटले. क्लब तेव्हा लँकशायर कॉम्बिनेशन या स्थानिक लीगचा विजेता होता, आणि पुढच्याच जानेवारीत कपमध्ये आर्सेनलकडून 11-1 हरला.

आता 1893 घेतो. नॉट्स काउंटीला 3-2 हरवून डार्वेन पुन्हा फर्स्ट डिव्हिजनमध्ये चढला, तो कसोटी सामना (वरच्या श्रेणीत कोण खेळणार हे ठरवणारा).