चुळबुळीचा हक्क

मोटरसायकलवर पहिला तास सगळेच सुखी असतात. रस्ता मोकळा, इंजिनाचा सूर लागलेला, हेल्मेटच्या आत आपलंच बेसूर गाणं चालू. दुसऱ्या तासात कधीतरी लक्ष रस्त्यावरून खाली उतरतं. आधी नुसती जाणीव होते, की आपल्याला बूड आहे. एरवी दिवसच्या दिवस त्याची आठवण येत नाही, हेच त्या अवयवाचं मोठेपण. मग ती जाणीव एका बाजूला सरकते, तिथे ऊब येते, उबेची आग होते. त्यानंतर समोर डोंगर येवो नाहीतर समुद्र, माणूस मनातल्या मनात पुढच्या पेट्रोल पंपापर्यंतचे किलोमीटर मोजत असतो.

बूड दुखतं असं आपण म्हणतो, पण सगळा तंटा दोन हाडांचा असतो. कमरेच्या सांगाड्याच्या अगदी तळाशी दोन बोथट उंचवटे असतात. कठीण पायरीवर बसून तळहात खाली सरकवले तर बोटांना नेमके लागतात. ताठ बसलं की धडाचा बराचसा भार या दोन टोकांवर येतो. हाड आणि सीट यांच्यामध्ये सापडलेलं मांस चेपलं जातं, बारीक रक्तवाहिन्या मिटतात, रक्त फिरेनासं होतं आणि तक्रार वर जाते. खुर्चीतही हेच होतं, पण खुर्चीत आपण सारखे हलत असतो आणि ते आपल्याला कळतही नाही. बाईकवर हात हँडलला, पाय फूटपेगवर, नजर पुढे. अंग आपोआप आखडतं आणि आपल्याला वाटतं, आपण फार सावधपणे चालवतोय.

त्यामुळे माझं एक ठाम मत झालंय. लांबच्या प्रवासात आराम मऊ गादीमुळे मिळत नाही, हलायला मिळाल्यामुळे मिळतो. लहानपणी ज्या चुळबुळीबद्दल सगळ्यांनी बोलणी खाल्ली, तीच इथे कामाला येते.

गाडी बघायला गेलेला माणूस सीटमध्ये अंगठा दाबून बघतो. अंगठा छान आत गेला की खूश. अंगठ्याला काय कळतंय? अंगठ्यावर कोणी दिवसभर बसत नाही. मऊ फोम हा आग्रही यजमान असतो, सुरुवातीला लाड करतो आणि मग उठू देत नाही. हाडांखाली तो चेपत चेपत तळाला जातो आणि तासाभराने आपण खालच्या प्लास्टिकच्या पत्र्यावर बसलेलो असतो. भोवतीचा न चेपलेला फोम मांड्यांच्या मधून वर येतो, नसांवर दाब देतो आणि मग मुंग्या येतात, त्याही नको त्या ठिकाणी. घट्ट फोम सुरुवातीला अगदीच तुसडा वाटतो, पण तो भार मांड्यांपर्यंत पसरवतो आणि मुख्य म्हणजे इकडेतिकडे सरकू देतो. बरं, त्या दोन हाडांमधलं अंतर माणसागणिक वेगळं असतं, बायकांमध्ये सहसा जास्त. म्हणजे कारखान्यातून निघालेली एकच सीट सगळ्यांना मानवेल ही आशाच व्यर्थ. सीटचा उतार टाकीकडे असेल तर विचारूच नका. प्रत्येक ब्रेकला माणूस पुढे घसरतो आणि प्रत्येक सिग्नलला मागे सरकतो.

यावर उपायांचा बाजार मोठा आहे. जेलचे पॅड उन्हात उभ्या गाडीवर असे तापतात की बसताना मंत्र म्हणावा लागतो. मेंढीच्या लोकरीचं आवरण दिसायला ऐसपैस, पण त्यातून हवा खेळते, घाम साठत नाही. लाकडी मण्यांचं आवरण बघून ही शिक्षा आहे की सोय असा प्रश्न पडतो, तरी लांब पल्ल्याचे कितीतरी चालक त्याशिवाय निघत नाहीत. मण्यांमधून वारा जातो आणि मण्यांवरून बूड सहज सरकतं. मला सगळ्यात पटली ती हवेची गादी. छोट्या छोट्या कप्प्यांची, कप्पे आतून एकमेकांना जोडलेले, एका बाजूला दाब आला की हवा दुसरीकडे जाते. व्हीलचेअरवर दिवस काढणाऱ्यांसाठी अशा गाद्या बनल्या, तिथून ती कल्पना मोटरसायकलवर आली. लोक ती फुग्यासारखी टम्म फुगवतात आणि मग डोलतात. बसल्यावर हाड आणि तळ यांच्यात बोटभर हवा उरली की पुरे. आणि इतकी हुशार गादी दिल्यावरही व्हीलचेअर वापरणाऱ्यांना दर पंधरा ते तीस मिनिटांनी भार हलका करायला शिकवतातच.

माझी चुळबुळ आता बरीच सुसंस्कृत झाली आहे. थोडा वेळ टाकीला चिकटून, थोडा वेळ मागच्या माणसाच्या जागेवर अतिक्रमण करून. मग डाव्या फूटपेगवर जोर देऊन उजवी बाजू बोटभर उचलायची, दहा आकडे म्हणायचे, बाजू बदलायची. सगळ्यात मोठी चैन म्हणजे सरळ मोकळ्या रस्त्यावर, वेग कमी करून, गुडघ्यांनी टाकी धरून फूटपेगवर उभं राहणं. घामाने चिकटलेली पँट कातडीपासून चर्रकन सुटते, खालून गार वारा जातो आणि हरवलेलं रक्त परत येताना टाचेपर्यंत झिणझिणतं. मागून येणाऱ्या गाडीवाल्याला वाटतं, हा काहीतरी शोधतोय.

उभं राहायचं तर पाय खाली हवेत, म्हणून मला पाय पुढे सोडून आरामात रेलायच्या गाड्या मानवत नाहीत. फोटोत त्या आरामखुर्चीच्या वरताण दिसतात. पण पाय पुढे गेले की पाठीचा कमानदार बाक होतो, भार माकडहाडाकडे सरकतो आणि प्रत्येक खड्डा पत्ता न चुकता मणक्यात पोचतो. हे मत त्या गाड्यांच्या मालकांसमोर मी मांडत नाही, मैत्री टिकवायची असते.

खड्ड्यांचं दुखणं जुनंच आहे. सुरुवातीच्या मोटरसायकलींना मागे सस्पेन्शनच, म्हणजे चाकाचे धक्के झेलणारी जोडणीच, नसायची. सायकलीसारखं चामड्याचं खोगीर आणि त्याखाली स्प्रिंगा, बाकी देवावर हवाला. १९५० मध्ये नॉर्टन या ब्रिटिश कंपनीने आपल्या रेसच्या गाडीला नवी फ्रेम आणि नव्या पद्धतीचं मागचं सस्पेन्शन दिलं. हॅरल्ड डॅनियल नावाच्या रेसरने ती चालवून पाहिली आणि म्हणाला, परांच्या गादीवर बसल्यासारखं वाटतं. त्या फ्रेमचं नावच 'फेदरबेड' पडलं. गंमत अशी की ही गादी सीटमध्ये नव्हतीच, ती चाक आणि सांगाड्याच्या जोडणीत होती. आजही नवं कुशन घेण्याआधी मागच्या शॉकचा प्रीलोड, म्हणजे त्याच्या स्प्रिंगला आधीच दिलेला ताण, आपल्या वजनाप्रमाणे लावून बघावा. त्याला एक पाना लागतो.

अमेरिकेत आयर्न बट, म्हणजे 'लोखंडी बूड', असोसिएशन नावाची लांब पल्ल्याच्या मोटरसायकलस्वारांची संस्था आहे. त्यांची पहिली पायरी म्हणजे २४ तासांत १,००० मैल, १,६०९ किलोमीटर. भागाकार केला तर ताशी ६७ किलोमीटर, म्हणजे वेगाचं फार कौतुक नाही. जेवण, पेट्रोल, चहा सगळं त्यातच बसवायचं आहे. गाडी पळते, माणूस थांबतो, आणि माणूस थांबतो तो बहुधा दुखतं म्हणून. एमिलिओ स्कोतो या अर्जेंटिनाच्या गृहस्थाने १९८५ ते १९९५ अशी दहा वर्षं एकाच होंडा गोल्ड विंगवर ७,३५,००० किलोमीटर केले. लोक त्याला देशांबद्दल विचारतात, मी बुडाबद्दल विचारलं असतं.

कपड्यांचं कोणी बोलत नाही, म्हणून सांगतो. जीन्स उलटी करून बघा. चार शिवणी जिथे एकत्र येतात तिथे कापडाचे इतके थर साठतात की पेन्सिलीएवढा गोळा होतो, आणि तो बरोबर वाईट जागी येतो. आतला सुती कपडा घाम पितो आणि तसाच ओला राहतो. ओली कातडी आणि शिवण यांचं दिवसभर घासणं संध्याकाळी चालण्यात दिसतं. बिनशिवणीची, घाम उडवणारी आतली चड्डी ही कुठल्याही सीटपेक्षा स्वस्त सुधारणा आहे.

वरच्या अंगाचेही हिशोब खालीच येतात. ताशी ८० वरून १०० वर गेलं की वेग सव्वापट होतो, वाऱ्याचा रेटा मात्र दीडपटीहून जास्त. ताठ बसलेला माणूस मग हँडलला लोंबकळतो आणि कंबर वाकवून मागे बसतो. जरासं पुढे झुकलं तर तोच वारा छातीला टेकू देतो. डावा हात सोडून झटकता तरी येतो, उजव्याला वेग सांभाळणाऱ्या थ्रॉटलची जन्मठेप. मूठ सैल ठेवा, ब्रेकची दांडी अशा कोनात लावा की मनगट कोपरापासून सरळ रेषेत राहील. एवढं केलं तरी हातातल्या मुंग्या निम्म्याने कमी होतात, निदान माझ्या तरी झाल्या.

हे सगळं पुढच्या माणसाचं. मागची सीट अरुंद, उंच आणि पातळ, समोर दिसतं ते हेल्मेट आणि ब्रेक कधी लागणार ते कळायला मार्ग नाही. चुळबुळीची खरी गरज मागे बसलेल्यालाच असते. पण मागच्याने वळणावर अंग हलवलं की गाडी डोलते, आणि एवढा वेळ चुळबुळीची वकिली करणारा मी हेल्मेटमधून ओरडतो, "अगं, नीट बस ना!" शेवटी बायकोशी तह झालाय. खांद्यावर दोन थापा म्हणजे 'मी हलतेय', तीन थापा म्हणजे 'थांबव'. तीन थापांनंतर मी पुढे चांगली सावली आहे असं सांगत राहिलो, की चौथी हेल्मेटवर बसते.