पहिला हात वाळू दे

बॅचच्या ग्रुपवर जानेवारीत मेसेज आला, शाळेच्या महोत्सवाच्या स्मरणिकेसाठी मनोगत दे, दोन पानं पुरे. लगेच त्याखाली दुसरा, "तुझ्या त्या नव्या चित्रांबद्दल पण लिही, पण आम्हाला कळेल असं लिही हां." या 'कळेल असं'ची मला जरा धास्तीच आहे. गेल्या दिवाळीत यातलेच तिघे घरी आले होते, पडवीत सहा फुटी कॅनव्हास टेकवून ठेवलेला, चहा संपला, लाडू संपले तरी त्याच्याबद्दल कोणी चकार शब्द काढेना. शेवटी एकजण म्हणाला, "मेल्या, ही आपल्या शाळेची मागची भिंत का रे?" बाकीचे दोघे खो खो हसले. मी कप हातात धरून तसाच बसलो, कारण मुंबईपासून इथपर्यंत ज्यांनी ज्यांनी ती चित्रं बघितली त्यातलं कोणीच इतकं नेमकं बोललं नव्हतं.

नंतरच्या बॅचच्या मुलांसाठी सांगतो, मागची म्हणजे पश्चिमेची भिंत, नळाकडची. चिऱ्याची, वर चुन्याचा गिलावा. दरवर्षी मे अखेरीला तिला चुना लागायचा, नीळ घालून, खाली गुडघाभर गेरूचा पट्टा, आणि मिरगाचा पाऊस एकदा भिंतीवर आडवा आपटायला लागला की महिन्याभरात सगळं धुपून शेवाळ चढायचं. दिवाळीनंतर ते शेवाळ वाळून काळं पडायचं आणि पापुद्रे सुटायचे. आम्ही मधल्या सुट्टीत नखाने पापुद्रे काढत बसायचो, एकाखाली एक, पांढरा, निळसर, मग कधीतरी कोणीतरी दिलेला पिवळा, परत पांढरा. किती वर्षांचा चुना होता देव जाणे. एकदा त्यावरून छड्याही खाल्ल्यात.

त्या चुन्याच्या कामाला आम्हा आठवी-नववीच्या मुलांना ड्रॉइंगचे सर घेऊन जायचे. (नाव लिहायची गरज नाही, शाळेत ड्रॉइंगचे सर एकच होते.) आता मनोगत म्हटलं की सरांनी माझ्यातला कलाकार ओळखला वगैरे लिहायची पद्धत आहे, पण तसं काही झालं नाही. सरांना मी बेशिस्त वाटायचो आणि होतोच. इंटरमिजिएट ड्रॉइंग परीक्षेच्या तयारीत माझा निसर्गदृश्याचा कागद पागोळीखाली भिजला, पोस्टर कलर सगळा वाहिला, मी तो तसाच दिला तर सरांनी फाडून परत काढायला लावला. सर एकच गोष्ट परत परत सांगायचे, चुना असो, फळ्याचा काळा रंग असो नाहीतर मैदानावरच्या रेघा, "पहिला हात वाळू दे, मग दुसरा मार." मला कधीच धीर नव्हता.

१९८७ला रातराणीने मुंबईला गेलो, कोकण रेल्वे तेव्हा कुठे होती, ती पूर्ण सुरू व्हायला १९९८ उजाडलं. जेजेत, म्हणजे जे.जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलो. तिथे अमूर्त चित्रं, म्हणजे ज्यात ओळखीचा आकार नसतो अशी, काढणारे प्रभाकर कोलते सर शिकवायला होते, तेही आपल्याच पट्ट्यातले, कुडाळजवळच्या नेरूरचे. त्याच वाटेचे दुसरे मोठे चित्रकार प्रभाकर बरवे अलिबागजवळच्या नागावचे. तिसरे वासुदेव गायतोंडे, जन्मले नागपूरला पण घराणं गोव्याचं. म्हणजे अमूर्त म्हणजे काहीतरी फॉरेनचं फॅड असं कोणी म्हणालं की मी ही तीन नावं पुढे करतो आणि गंमतीत म्हणतो, आमच्याकडे दमटपणात कुठलाच आकार धड टिकत नाही, त्याला चित्रकार काय करणार. गायतोंडेंना तर अमूर्त हा शब्दच पसंत नव्हता. ते रोलरने आणि सुरीने रंग चढवायचे, खरवडायचे, आणि वर्षाला पाच-सहाच चित्रं करायचे. आम्ही पोरं तेव्हा आठवड्याला पाच करायचो!

मग नोकरी, कापडाची डिझाइनं, वगैरे. ते सोडून देतो.

२०२०च्या लॉकडाऊनमध्ये गावी आलो आणि राहिलोच. सुरुवातीचं वर्षभर समुद्र काढला. सगळा निळा. मुंबईतल्या एका गॅलरीवाल्यांनी ते आवडीने मागवलेही, पण मला स्वतःलाच ती चित्रं हॉटेलच्या रिसेप्शनला लावायची वाटायची. समुद्र बघायला आम्ही शाळेत असताना कधी जायचो तरी का? तो होताच मागे, आवाजासारखा.

१६ मे २०२१ला तौक्ते चक्रीवादळ आलं. पडवीची कौलं उडाली आणि चौदा कॅनव्हास रात्रभर भिजले. अ‍ॅक्रिलिकला वरून पाण्याने फारसं काही होत नाही, पण मागून सुती कापड प्यायलं, सैल पडलं, आणि दुरुस्तीचा माणूस मिळेपर्यंत खरा पाऊस सुरू झाला. जुलैत बघितलं तर निळ्यावर बुरशीचे करडे गोल, मागे काळे ठिपके. फेकून द्यायचे म्हणून बाहेर काढले, मग वाटलं निदान कापड तरी वाचवू, म्हणून गवंड्याची थापी घेऊन खरवडायला बसलो. दुसऱ्या-तिसऱ्या कॅनव्हासला हात थांबला. निळ्याच्या खाली जुना पांढरा, त्याच्या कडेला थापीचा ओरखडा, मधे बुरशीचा डाग. नखाला एकदम ती भिंत आठवली. डोळ्याला नाही हां, नखाला.

नवीन सगळं काम तिथून सुरू झालं, चार पावसाळे झाले. लोक जागेचा प्रभाव म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यासमोर माड, होड्या, सूर्यास्त असतं. माझ्यावरचा प्रभाव म्हणजे हवेतलं पाणी. रत्नागिरीकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि अ‍ॅक्रिलिक वाळतं ते त्यातलं पाणी उडून जाऊन, तेव्हा जुलैत ते उडणार कुठे? मुंबईत एसी लावून तासात जो थर वाळायचा तो इथे दुसऱ्या दिवशीही बोटाला चिकटतो. ऑइलचं तर विचारूच नका. पहिला पावसाळा मी भांडलो, खोलीत साठचे दोन बल्ब लावले, पंखे लावले, आई म्हणाली पापड तरी वाळत घाल तिथे. आता भांडत नाही. एप्रिल-मेमध्ये जाड थर चढवून घेतो, गेरू, चुना, काव, हार्डवेअरच्या दुकानातलंच सामान, त्यात रंग धरून ठेवायला अ‍ॅक्रिलिकचं बाइंडर. ते खडखडीत वाळतात. मग पावसात वरचे पातळ हात, अर्धवट ओले असतानाच थापीने ओढायचे, आणि पुढे काय होतं ते हवेवर. ऑक्टोबर हीटमध्ये सगळं आक्रसतं, तडे जातात, तेव्हा ठरवायचं कुठलं ठेवायचं. निम्मी बाद होतात. एका खरेदीदाराने तडे गेले म्हणून चित्र परत पाठवलं, त्याचं बरोबरच आहे, तो सोफ्याच्या वर लावणार होता.

हे सगळं माझ्या डोक्यातून आलंय असंही नाही. कोकण-गोव्यातल्या जुन्या देवळांतून कावीचं काम असतं, पांढऱ्या चुन्यावर लाल कावेचा थर आणि तो ओला असतानाच खरवडून खालचा पांढरा काढलेला, तेच तंत्र. आणि सड्यावरचा, म्हणजे कातळाच्या पठारावरचा, जांभा बघा. लाखो वर्षं पावसाने खडकातलं विरघळणारं सगळं धुऊन नेलं, लोह आणि अ‍ॅल्युमिनियम तेवढं मागे राहिलं, म्हणून तो लाल. खाणीतून काढला तेव्हा मऊ, हवेत राहून टणक होतो. त्यालाही वाळायला वेळ द्यावा लागतो, सर ऐकताय ना.

पत्रकार हटकून विचारतात, कातळशिल्पांचा, म्हणजे सड्यावरच्या खडकात कोरलेल्या जुन्या चित्रांचा, प्रभाव आहे का. २०२२ला ती युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली तेव्हापासून तर जास्तच. हो म्हटलं की बातमी चांगली होते. कशेळीचा तो प्रचंड हत्ती मीही उभा राहून बघितलाय आणि गप्प झालोय, पण तो कोणीतरी ठरवून, नेमकी रेघ ओढून कोरलेला आहे. माझ्याकडे रेघ नाही. माझ्याकडे डाग आहेत. उगाच त्यांच्या पुण्याईवर कशाला जगायचं.

आता कामाचं. ग्रुपवर वाचलं की महोत्सवाच्या आधी शाळा आतून-बाहेरून वेदरप्रूफ पेंटने रंगवणार आहेत, मागची भिंत घासून, प्लास्टर करून. चांगलंच आहे, वर्गात ओल येते, मुलांना त्रास होतो, माझ्या चित्रापायी कोणाला सर्दी नको. फक्त नळाच्या डावीकडे, खिडकीच्या खाली, साधारण चार बाय तीन फुटाचा जो पापुद्रे सुटलेला भाग आहे त्याला हात लावायच्या आधी मला एक फोन करा. मी थापी घेऊन येतो. प्लास्टरवाल्याला म्हणावं अर्धा दिवस थांब, चहा माझ्याकडून.