पाईपवाल्याचं रोम

जळगावात ठिबक आणि पीव्हीसी पाईपचं दुकान चालवणाऱ्या माणसाला रोमला कशासाठी जायचंय, हे व्हिसावाल्यांना पटवायला मला एक पानाचं पत्र पुरलं. मायला पटवायला ते पुरलं नाही. ती साक्रीकडची. "इतला पैसा टाकीसन दगडं देखाले चालना का?" म्हणाली आणि शेंगदाण्याची चटणी कुटायला बसली. म्हणजे परवानगी मिळाली.

दगडंच बघायची होती, हे खरं. पण पाण्याची. मामाची शेती पांझरा नदीच्या फडावर, म्हणजे बंधाऱ्याच्या पाण्यावर पाळीने भिजणाऱ्या सामाईक पट्ट्यात, त्यामुळे बंधारा, पाट, पाटकरी आणि पाण्याची पाळी हे लहानपणापासून पाहिलेलं. पुढे बऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा पाहिला. सातपुड्याच्या पायथ्याशी झिरपणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून नुसत्या उताराने शहरात आणलेलं, वर ओळीने कुंड्या. 1615 चं, मुघलांच्या वेळचं काम. ना मोटर, ना लाईट बिल. हेच काम रोमन लोकांनी त्याच्याही दीड हजार वर्षं आधी केलं होतं, असं वाचलं आणि डोक्यात किडा शिरला तो निघेना.

पैशाचं गणित सोपं ठेवलं: एक युरो म्हणजे शंभर रुपये. दर रोज वरखाली होतो, पण शंभरने गुणलं की हिशोब तोंडी होतो आणि हात आपोआप आखडतो. वेळ निवडली फेब्रुवारीची. केळीच्या कांदेबागेची लागवड आटोपलेली असते, उन्हाळ्याची गर्दी सुरू झालेली नसते, आणि रोममध्येही तो मंदीचाच काळ. मुंबईहून आखातात विमान बदलून जाऊन-येऊन तिकीट सेहेचाळीस हजारांना मिळालं. मे महिन्याचं तेच तिकीट दीडपट दाखवत होतं.

खरी कसरत व्हिसाची. पासपोर्ट जळगावातच, पोस्टातल्या केंद्रात, काही त्रास न होता झाला होता. इटलीला लागतो शेंगेन व्हिसा, युरोपातल्या बऱ्याच देशांत मिळून एकच चालणारा. मोठ्या माणसाला फी 90 युरो, अर्ज केंद्राचं शुल्क वेगळं, आणि व्हिसा नाकारला तर यातलं काही परत मिळत नाही. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. कमीत कमी पंधरा दिवस आधी करावा असा नियम आहे, पण नियमावर विसंबून इतक्या उशिरा जाऊ नये. मुळात अपॉइंटमेंटच मिळत नाही.

पगारदार माणसाचं बरं असतं. पगाराच्या पावत्या आणि साहेबाचं रजेचं पत्र लावलं की झालं. दुकानदाराला रजा कोण देणार? मी लावलेले कागद असे: तीन वर्षांचे आयटीआर, जीएसटी नोंदणी, गुमास्ता परवाना, दुकानाच्या चालू खात्याचं आणि घरच्या बचत खात्याचं स्टेटमेंट, बँकेचा शिक्का मारून. सातबाराही जोडला, इंग्रजी भाषांतर करून. माणूस परत येणार याला जमिनीसारखा पुरावा नाही, असं आपलं माझं मत. तीस हजार युरोंचं संरक्षण देणारा प्रवास विमा लागतोच. तो हजार-दीड हजारात मिळाला.

अर्ज करायच्या आधी दोन हितचिंतक भेटले. एका नातेवाईकाने सांगितलं, "खात्यात तीनेक लाख टाकून ठेव, मी देतो, मग काढून घेऊ." मी नको म्हटलं. वर्षभर चाळीस-पन्नास हजारांत खेळणारं खातं अर्जाच्या तोंडावर एकदम फुगलेलं दिसलं तर तपासणाऱ्याच्या डोळ्यात तेच आधी भरतं. दुसरा एक एजंट. सगळं मिळून अठरा हजार मागत होता आणि हॉटेलचं बुकिंग "दाखवण्यापुरतं" करतो म्हणाला. त्यालाही राम राम केला. विनाखर्च रद्द करता येतील अशी खोल्यांची बुकिंगं संकेतस्थळांवर उघड मिळतात, आणि विमानाचं तिकीटही व्हिसा हातात येईपर्यंत नुसतं राखून ठेवता येतं. खोटं काही लावायची गरजच पडत नाही.

पत्रात मी खरं तेच लिहिलं. माझा धंदा पाण्याच्या पाईपचा आहे, मला तुमच्या शहरातले जुने जलसेतू, म्हणजे कमानींवरून पाणी आणणारे पाट, बघायचे आहेत, कुठल्या दिवशी कुठे असेन ते खाली दिलं आहे, खर्च माझा मी करणार आहे. रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली, स्टेशनवरच तोंड धुऊन केंद्रावर हजर झालो. काउंटरवरच्या मुलीने कागद यादीप्रमाणे लावले, बोटांचे ठसे घेतले, आणि पत्र वाचताना एकदा मान वर करून बघितलं. बोलली काही नाही. पुढे पासपोर्ट घरी येईपर्यंत कुरिअरवाल्याची गाडी गल्लीत शिरली की जीव वरखाली व्हायचा.

फिउमिचिनो विमानतळावर उतरलं की तेर्मिनी या रोमच्या मुख्य स्टेशनला जाणारी थेट गाडी समोरच दिसते, चौदा युरो. त्याच स्टेशनातून साधी लोकलही सुटते, आठ युरोची. ती तेर्मिनीला जात नाही, पण त्रास्तेव्हेरे, ओस्तिएन्से अशा स्टेशनांना थांबते. ओस्तिएन्सेला उतरून शेजारच्या पिरामिदे स्टेशनातून मेट्रो धरली की दीड युरोत तेर्मिनी. हे दीड युरोचं तिकीट शंभर मिनिटं चालतं, बस-ट्राम कितीही बदला, मेट्रो मात्र एकदाच. बसमध्ये चढल्यावर ते यंत्रात घालून शिक्का मारावा लागतो. खिशात कोरं तिकीट असेल तर तपासनीसाच्या लेखी तुम्ही फुकटेच. बाकी मी पायीच हिंडलो. जुनं रोम पायी फिरण्याएवढंच आहे.

राहायला तेर्मिनीजवळ हॉस्टेल, एका खोलीत सहा पलंग, रात्रीचे पंचवीस युरो. वर शहराचा कर, माणशी दर रात्रीचा. तो बुकिंगच्या रकमेत धरलेला नसतो, तिथे गेल्यावर भरायचा. कार्डाच्या यंत्रावर "रुपयांत की युरोंत" असा प्रश्न आला की युरोच दाबायचं. रुपये दाबले की त्यांचा दर लागतो, आणि तो कधीच आपल्या फायद्याचा नसतो.

खाण्याचं सांगतो, कारण आमच्याकडचे निम्मे लोक त्याच धास्तीने जात नाहीत. तिथे पिझ्झा वजनावर मिळतो. लांबलचक ट्रेमधून हवा तेवढा तुकडा कात्रीने कापतात, काट्यावर टाकतात, शंभर ग्रॅमचा भाव पाटीवर लिहिलेला. 'रोस्सा' म्हणजे नुसता टोमॅटोचा, चीज नाही, मांस नाही, सगळ्यात स्वस्त. त्यावर मायची चटणी भुरभुरली की जेवण झालं. तळलेले भाताचे गोळे शाकाहारी दिसतात, पण आत बहुतेक वेळा खिमा घातलेला सॉस असतो. विचारल्याशिवाय घेऊ नयेत. कडक शाकाहार पाळणाऱ्यांनी एवढंही ध्यानात ठेवावं की पार्मेजान आणि पेकोरीनो या दोन्ही चीजमध्ये वासराच्या किंवा कोकराच्या पोटातलं विरजण वापरतात. कॉफी उभ्याने प्यायली तर सव्वा युरोच्या आसपास, टेबलाशी बसलात की कित्येक ठिकाणी दुप्पट. एस्क्विलिनोच्या मंडईत भेंडी, कोथिंबीर, हिरवी मिरची सगळं मिळतं, आणि विकणारे बहुतेक बांगलादेशी, त्यामुळे हिंदी चालते. एकाने मला केळी दाखवली. लॅटिन अमेरिकेची, सगळी एकाच मापाची, एक डाग नाही. आमच्या रावेरच्या माणसाने त्या घडांचं पॅकिंग बघितलं पाहिजे. चवीला मात्र आपलीच.

आणि पाणी. पाण्याला रोममध्ये पैसा लागत नाही. रस्तोरस्ती कंबरेएवढे ओतीव लोखंडाचे खांब उभे आहेत, वाकडी तोटी असलेले. पहिले 1874 मध्ये बसवले, आज साधारण अडीच हजार असतील. तोटीला चावी नाही, पाणी अखंड वाहतं. तोटीच्या पाठीवर एक बारीक भोक असतं. तोटीचं तोंड बोटाने दाबलं की त्या भोकातून कारंज्यासारखी धार वर येते आणि वाकून न बसता पाणी पिता येतं. तिथली शाळकरी पोरं हे न बघता करतात. मी पहिल्यांदा केलं तेव्हा शर्ट भिजला, पण आनंद असा झाला की दुसऱ्यांदा तहान नसताना केलं. उन्हाळ्यात काही दिवसांआड नळ येणाऱ्या गावच्या माणसाला मात्र ते रात्रंदिवस वाहणारं पाणी बघवत नाही. हात चावी शोधतो. 2017 च्या दुष्काळात त्यांनीही यातले बरेच बंद करायला घेतले होते, ते वाचून जरा बरं वाटलं.

महिन्याचा पहिला रविवार मी मुद्दाम हिशोबात धरला होता. त्या दिवशी सरकारी संग्रहालयं आणि स्मारकं फुकट असतात, कोलोसियमसुद्धा, एरवी 18 युरो. फक्त त्या दिवशी आगाऊ बुकिंग नसतं, रांग लावावी लागते. सकाळी साडेसातला रांगेत होतो. कोलोसियम मोठं आहे, फोटोत दिसतं तसंच आहे. त्याबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत.

मी निघालो होतो ज्यासाठी, ते शहराच्या आग्नेयेला आहे. मेट्रोच्या ए मार्गावर जुलिओ आग्रिकोला स्टेशनला उतरून दहा-पंधरा मिनिटं चाललं की इमारती संपतात आणि गवताळ माळावर कमानीच कमानी. जलसेतूंचं उद्यान. तिकीट नाही, कुंपण नाही, लोक कुत्री फिरवायला येतात. उंच कमानी क्लॉदिया जलसेतूच्या, इसवी सन 52 मध्ये पूर्ण झालेल्या, काही ठिकाणी पंचवीस मीटरच्या वर. एकूण लांबी जवळपास सत्तर किलोमीटर, त्यातला बहुतेक भाग जमिनीखालून. या कमानी फक्त शेवटी शेवटी, कारण मैदानावर आल्यावर उंची सोडली तर शहरातल्या टेकड्यांवर पाणी चढणार नाही. आम्ही पाईपवाले ज्याला हेड म्हणतो, म्हणजे उंचीमुळे मिळणारा पाण्याचा जोर, ते टिकवायला एवढा दगड रचलाय. शेजारीच बुटक्या कमानींचा फेलिचे जलसेतू, सोळाव्या शतकात पोपने बांधवलेला.

फुटलेल्या कमानीच्या माथ्यावर पाण्याचा पाट आडवा कापलेला दिसतो. मी खाली गवतात उभा राहून मोबाईल पूर्ण झूम करून बघत राहिलो. कडेला पांढरट थर होता. तो क्षाराचा की जुन्या गिलाव्याचा, हे खालून ठरवता येईना, पण क्षार इथेही होता याची लेखी नोंद आहे. इसवी सन 97 मध्ये फ्रॉन्टिनस नावाचा माणूस रोमच्या पाणीपुरवठ्याचा मुख्य झाला आणि त्याने सगळं लिहून ठेवलं. गाळ साचून कडक होतो आणि पाण्याची वाट अरुंद करतो, अशी त्याची तक्रार आहे. आमचा निम्मा सीझन ठिबकच्या ड्रिपरमधला क्षार ॲसिडने काढण्यात जातो. त्याने पाणीचोरीचंही लिहिलंय. मंजूर मापापेक्षा मोठी तोटी बसवणारे, तोटीवर सरकारी शिक्का न मारणारे, फरसबंदीखालून चोरून फाटे काढणारे, आणि या सगळ्यात सामील असलेले पाणीखात्याचे नोकर. हे वाचून मला काय वाटलं ते इथे लिहीत नाही. माझी गिऱ्हाइकं हे वाचतात.

तिथून पुढे पोर्ता माज्जोरे बघावं. ट्रामच्या गर्दीत उभं असलेलं दार आहे, ज्याच्या डोक्यावरून क्लॉदिया आणि नवा अनिओ असे दोन पाट एकावर एक जातात. फुकट, आणि सहसा मोकळं. त्रेव्हीच्या कारंज्याला तर सगळेच जातात, पण त्यातलं पाणी ज्या कन्या जलसेतूचं (लॅटिनमध्ये ॲक्वा व्हिर्गो), तो इसवी सनापूर्वी 19 मध्ये आग्रिप्पा या रोमन सेनापतीने आणला आणि बहुतांशी जमिनीखालून असल्यामुळेच टिकला. कारंजं 1762 चं. तिथे नाणी टाकणाऱ्यांची झुंबड असते. मी टाकलं नाही. युरो गुणिले शंभर.

पॅन्थिऑन या जुन्या रोमन मंदिराला पाच युरो दिले, ते सार्थकी लागले. आत शिरलो तेव्हा पाऊस सुरू होता. घुमटाला मधोमध मोठं गोल भोक आहे, उघडं, त्यातून पावसाचा खांब थेट फरशीवर उतरत होता. दोरी बांधून तेवढा भाग बंद केलेला. लोक वर बघत होते, मी खाली. फरशी मध्यावर किंचित फुगीर आहे आणि संगमरवरात बारीक छिद्रं पाडलेली आहेत, पाणी पसरत जाऊन त्यात गायब होतं. कुठे तुंबलेलं नाही. साधारण एकोणीसशे वर्षं झाली त्या घुमटाला, त्रेचाळीस मीटर व्यास, आणि काँक्रीटमध्ये लोखंडाची एक सळई नाही. आमच्या कॉम्प्लेक्सचा स्लॅब बांधल्यापासून गळतोय.

सेंट पीटर्सचं चर्च पाहिलं, ते फुकट आहे, फक्त खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात. व्हॅटिकनचं संग्रहालय सोडलं. त्यावर दोघा-तिघांनी मला वेड्यात काढलं. पण सगळं बघायला निघालं की रोज पंचवीस-तीस युरो तिकिटांतच जातात, आणि संध्याकाळी सकाळचं काही आठवत नाही. मला पाणी बघायचं होतं, ते बहुतेक फुकटच होतं. विमान, व्हिसा, राहणं, खाणं धरून लाखाच्या थोडं वर गेलं. त्यातलं निम्म्याहून जास्त जळगाव सोडायच्या आधीच संपलेलं होतं.

केंद्रात दिलेले बोटांचे ठसे 59 महिने चालतात. तेवढ्या काळात पुन्हा शेंगेनचा अर्ज केला तर सहसा नव्याने द्यावे लागत नाहीत. स्पेनमध्ये सेगोव्हियाला दुमजली कमानींचा जलसेतू भर चौकातून जातो. त्याचे फोटो मी दुकानात लावलेत. बायकोने ते बघून स्वतःचा पासपोर्ट काढायला टाकलाय. पोलीस पडताळणीचा फोन काल येऊन गेला.